आधी करारनामा, मग स्थलांतर

मुंबईतील कोणत्याही जुन्या वसाहतीत गेले तरी आज एक शब्द हमखास कानावर येतो. तो म्हणजे पुनर्विकास. जुनी चाळ पाडावयाची आणि तिच्या जागी उंच इमारत उभी करावयाची, एवढाच त्याचा अर्थ आपण सर्वसाधारणपणे घेतो. "घर किती फुटांचे मिळणार?" हा आपला पहिला प्रश्न असतो आणि बहुधा शेवटचाही तोच. परंतु पुनर्विकासात केवळ घर बदलत नाही. शेजार बदलतो, महिन्याचा खर्च बदलतो, भाडेकरूचा मालक होतो आणि मधली काही वर्षे कुटुंबाला दुसऱ्याच्या जागेत काढावी लागतात. एवढी मोठी उलथापालथ होत असताना रहिवाशांचे म्हणणे केव्हा आणि कोणत्या कागदावर नोंदले जाते, हे समजून घेणे अत्यंत आवश्यक आहे. आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे चाळींत व म्हाडाच्या वसाहतींत राहतात. म्हणूनच हा विषय आपल्यासमोर मांडीत आहे.

बीडीडी चाळींचा धडा

सार्वजनिक गृहनिर्माणाचे आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे बीडीडी चाळी. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० साली 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खाते स्थापन झाले आणि त्याच्या आद्याक्षरांवरून चाळींना हे नाव पडले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या आणि एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. नळ व संडास सामायिक.

या चाळी बांधताना ज्यांनी तेथे राहावयाचे त्या कामगारांना कोणी काही विचारले नाही. काँक्रीटच्या भिंती, उजेड-वारा अडविणाऱ्या खिडक्या, न परवडणारे भाडे आणि वरळीसारख्या ठिकाणी गिरणीपासूनचे अंतर यांमुळे कामगार तेथे जाण्यास तयार होईनात. कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात तर सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर केला. राहणाऱ्याला न विचारता बांधलेल्या घराचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

पुढे कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी याच खोल्यांत संसार थाटले. एका खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. आवारात बुद्धविहार, व्यायामशाळा, बालवाड्या उभ्या राहिल्या. जयंतीच्या मिरवणुका येथून निघाल्या. आंबेडकरी चळवळीचे कित्येक कार्यकर्ते या गॅलऱ्यांत घडले. म्हणजे इमारत सरकारने दिली, पण वस्ती रहिवाशांनी घडविली.

या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले. काम म्हाडाकडे सोपविण्यात आले. पात्र रहिवाशाला १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने विनामूल्य देण्याचे ठरले. शिवडीची जमीन पोर्ट ट्रस्टची असल्याने तेथील चाळी मागे राहिल्या. जमीन व इमारती सरकारच्याच असल्यामुळे येथे रहिवाशांच्या संमतीची टक्केवारी आवश्यक धरली गेली नाही. योजना चांगली, घर मोठे, पैसे द्यावयाचे नाहीत. असे असूनही अनेक रहिवाशांनी सर्वेक्षणाला विरोध केला. त्यांची मुख्य मागणी एकच होती : आधी करारनामा द्या, मग आम्ही खोली सोडतो.

बाहेरच्यांना हा हट्ट वाटला. परंतु विचार करा. हातात भाडेपावती आहे आणि खोलीचा ताबा आहे, तोपर्यंत रहिवाशाच्या शब्दाला वजन आहे. खोली पाडल्यावर त्याच्या हाती उरतो तो केवळ कागद. तो कागद कच्चा असेल तर मग कोणाच्या दारात उभे राहावयाचे? पुढे रहिवाशांशी करारनामे करण्याची व नव्या इमारतीतील घर सोडतीने आधीच निश्चित करण्याची पद्धत आली, ती या आग्रहाचे महत्त्व सांगते. वरळीत प्रत्यक्ष कामाचा प्रारंभ १ ऑगस्ट २०२१ रोजी झाला आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. भूमिपूजनापासून आठ वर्षांहून अधिक काळ गेला. सुरुवातीलाच रहिवाशांना विश्वासात घेतले असते तर यातील काही काळ निश्चितच वाचला असता.

सिद्धार्थनगरचा अनुभव

कागदावर सह्या झाल्या म्हणजे सर्व सुरक्षित झाले, असेही समजू नये. गोरेगावच्या सिद्धार्थनगर अर्थात पत्राचाळीत ६७२ कुटुंबे होती. २००८ मध्ये रहिवाशांची संस्था, म्हाडा आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. कुटुंबांनी घरे सोडली. रहिवाशांची घरे अपुरी राहिली, आणि दुसरीकडे त्या जमिनीवरील बांधकामाचे हक्क इतरांना विकले गेले. भाडे बंद झाले. २०१८ मध्ये म्हाडाने विकासकाला दूर केले आणि २०२२ मध्ये रखडलेले काम पुन्हा सुरू झाले. दरम्यान अनेक वृद्ध नव्या घराची वाट पाहत निवर्तले. करार होता, पण विक्रीच्या इमारतीआधी रहिवाशांची इमारत पूर्ण होते की नाही, यावर कोणाची करडी नजर नव्हती.

सहकारी संस्थेतील सभासदाचे हक्क

म्हाडाच्या ज्या वसाहतींत सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, तेथे सभासदाच्या हाती अधिक साधने आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ अन्वये शासनाने प्रथम ३ जानेवारी २००९ रोजी आणि नंतर सुधारून ४ जुलै २०१९ रोजी पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. विकासक निवडण्याच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती लागते. एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. निबंधकांचा प्रतिनिधी उपस्थित असावा, सभेचे चित्रीकरण व्हावे, विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक गॅरंटी द्यावी, करारनामा नोंदणीकृत असावा, असे त्यात सांगितले आहे. न्यायालयांनी ही कार्यपद्धती मार्गदर्शक स्वरूपाची मानली आहे. म्हणजेच ती आपोआप पाळली जात नाही. सभासदांनी आग्रह धरला तरच पाळली जाते.

५१ टक्के याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा. उरलेल्या ४९ टक्क्यांत बहुधा एकटी विधवा, आजारी वृद्ध, परगावी नोकरी करणारा असे लोक असतात. बहुमत झाले म्हणून त्यांचे प्रश्न संपत नाहीत. त्यांच्या शंका इतिवृत्तात नोंदवून त्यांना लेखी उत्तर देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

सही करण्यापूर्वी

बँकेत नोकरी करीत असल्यामुळे कागदपत्रांशी रोजचा संबंध येतो. त्या अनुभवावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट पात्रतेची. खोली आजोबांच्या नावावर, शिधापत्रिका वडिलांच्या नावावर आणि राहतो नातू, अशी स्थिती घरोघरी आढळते. वारस नोंद आजच करून घ्यावी. पतीच्या बरोबरीने पत्नीचे नाव करारनाम्यात यावे, याचा आग्रह धरावा. घर गेले तर सर्वांत आधी तीच उघड्यावर पडते.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. करारात 'चटई क्षेत्र' असा स्पष्ट उल्लेख हवा. जिना, लिफ्ट, भिंती धरून सांगितलेला आकडा मोठा दिसतो, पण त्यात आपली खाट मावत नाही.

तिसरी बँक गॅरंटीची. विकासकाने काम सोडले तर ठरलेली रक्कम बँकेने संस्थेला द्यावयाची, असे हे लेखी वचन असते. त्यावर मुदत असते. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण झाले नाही तर तो कागद रद्दीच्या भावाचा होतो. मूळ प्रत संस्थेच्या ताब्यात ठेवावी आणि मुदतीची तारीख सूचनाफलकावर लावावी.

चौथी कॉर्पस फंडाची. उंच इमारतीत लिफ्ट, पंप, अग्निशमन, सफाई, विमा यांचा खर्च दरमहा येतो. उदाहरणादाखल, एका घरामागे ५ लाख रुपये ७ टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाला ३५ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे २,९०० रुपये मिळतील. देखभाल खर्च ६ हजार आला तर उरलेले ३,१०० रुपये निवृत्तिवेतनावर जगणारा गृहस्थ कोठून आणणार? मोफत मिळालेले घर देखभालीच्या बोजामुळे विकून अंबरनाथ-बदलापूरच्या पुढे जावे लागले, तर पुनर्विकास कोणाचा झाला? हा हिशेब चावी घेताना नव्हे, सही करतानाच मांडावा.

पाचवी गोष्ट सामाईक जागेची. विहार, वाचनालय, बालवाडी यांचे क्षेत्रफळ मंजूर नकाशात दाखवून घ्यावे. तोंडी दिलेला शब्द नकाशात नसेल तर पुढे त्या जागी मोटारी उभ्या राहतात.

बंधू-भगिनींनो, हे सर्व एकट्यादुकट्याने होणारे नाही. करारनाम्याचा मसुदा मराठीत मागून घ्यावा आणि मंडळाच्या बैठकीत कलमवार वाचावा. समाजातील वकील, अभियंते, बँक कर्मचारी यांनी एक-एक संध्याकाळ त्यासाठी द्यावी. सभेला केवळ कर्त्या पुरुषांनी न जाता महिलांनी व तरुणांनीही जावे, कारण त्या घरात जास्त वर्षे त्यांनाच काढावयाची आहेत. आपल्या मंडळाने वर्षातून निदान एक मार्गदर्शन शिबिर या विषयावर घ्यावे, अशी नम्र विनंती आहे. आपल्या आजी-आजोबांना चाळ बांधताना कोणी विचारले नव्हते. आज विचारण्याची पद्धत काही अंशी तरी कायद्यात आली आहे, तिचा आपण पुरेपूर उपयोग करून घेतला पाहिजे.