बाटलीतलं तणनाशक

निंदणीला बायका मिळेनात, मिळाल्या तर मजुरी परवडेना. तसे आमच्या एकलहऱ्याच्या शेतांत तणनाशकाचे पंप आले. आता बांधावरचं गवत दोन-तीन दिवसांत जळून जातं. यातलं पॅराक्वाट मात्र आपण बायकांनी नीट ओळखून असायला हवं. फवारणीचे कपडे शेवटी धुतं कोण?

यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथं मुख्यतः कीटकनाशकं होती, आणि त्यातल्या काही प्रकारांवर अ‍ॅट्रोपिन तरी चालतं. पॅराक्वाटला उताराच नाही. केरळनं २०११ मध्ये त्यावर बंदी घातली.

शेजारच्या भाऊंनी मागे पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं हेच औषध अंधारात तोंडाला लावलं. चव लागताच थुंकले. “काही झालं नाही गं,” म्हणाले. वहिनी मिठाचं पाणी करायला धावल्या, मी त्यांचा हातच धरला. हे औषध घसा भाजत जातं, उलटी काढली की तो पुन्हा भाजतो. चूळ भरायला लावली, अंगावरचे कपडे काढून साबणानं धुतलं, मूळ बाटली बरोबर घेतली नि १०८ ला फोन केला.

दवाखान्यात कोळशाची पूड पाजली. पोटातलं विष ती धरून ठेवते, पण पहिल्या काही तासांतच. लघवीची तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी तोंडात फोड, मग मूत्रपिंडं मंदावली, डायलिसिस लागलं. मूत्रपिंडं बरेचदा पुन्हा सावरतात. खरी भीती फुप्फुसांची! तिथं हे विष साठतं आणि पुढच्या दिवसांत, आठवड्यांत फुप्फुसं आतून घट्ट होत जातात. प्राणवायूनं ही इजा वाढते, म्हणून अगदी गरज पडेपर्यंत डॉक्टर तो लावत नाहीत. “नळी का लावत नाही हो?” म्हणून वहिनी सारख्या विचारायच्या, त्यांना हे कुणी समजावलंच नव्हतं. सूज कमी करणारी औषधंही देतात, पण त्यांचा भरवसा नाही. जास्त पोटात गेलं तर मोठी इस्पितळंही हात टेकतात.

भाऊंच्या पोटात थोडंच गेलं होतं. तीन आठवड्यांनी घरी आले. चढावर दम लागतो अजून, छातीचा फोटो काढायला जावं लागतं. पंप आता वहिनींच्या कुलपात असतो, किल्ली त्यांच्या कमरेला.