शिलोहाचा बुरूज आणि किल्लारी

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात लोक येशूकडे एक ताजी बातमी घेऊन येतात. पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करत असतानाच ठार मारले होते. येशू त्या बातमीला आपणहून दुसरी घटना जोडतो: शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. पहिली घटना राज्यकर्त्याच्या क्रौर्याची, दुसरी निव्वळ अपघाताची, आणि दोन्ही ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या. मेलेले इतरांपेक्षा अधिक पापी होते का, असे तो विचारतो, स्वतःच नाही म्हणतो आणि समोरच्यांना सांगतो, पश्चात्ताप तुम्ही करायचा आहे. उपदेशात इतिहासातली घटना कशी घ्यावी, याचा यापेक्षा नेमका धडा मला कुठे सापडलेला नाही. घटना खरी असावी, मेलेल्यांचा निवाडा करू नये, प्रश्न जिवंतांना विचारावा. आपल्याकडच्या व्यासपीठांवर यातली मधली अट सर्वांत जास्त मोडली जाते, आणि ती मोडली की बाकीच्या दोन्हींचा उपयोग उरत नाही.

मराठीत ख्रिस्ती उपदेशाची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. पुढे अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, रेव्हरंड टिळकांनी ते गाजवले, आणि निजामाच्या मुलखात नारायण शेषाद्रींनी जालन्याला काम केले. यातली कीर्तनाची गोष्ट आपल्या विषयाला महत्त्वाची. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात आख्यान, ही घडण मराठी श्रोत्याच्या अंगवळणी पडलेली आहे. आमचे राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्यातले, म्हणजे संत जनाबाईच्या मुलखातले गाव. इथला श्रोता कोणत्याही धर्माचा असो, तत्त्व विसरेल पण आख्यान विसरणार नाही. म्हणूनच आख्यानातली चूक ही उपदेशातली सर्वांत टिकाऊ चूक ठरते.

निवाडा करण्याचा मोह किती फसवा असतो हे लिस्बनच्या भूकंपाने दाखवून दिले. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. सकाळी उपासनेसाठी माणसे चर्चमध्ये जमलेली असताना धरणी हादरली, मग समुद्राची लाट आली, मग आग. जेझुइट धर्मगुरू मालाग्रिदा यांनी पुढच्या वर्षी पुस्तिका काढून ठासून सांगितले, की कारण नैसर्गिक नाही, लिस्बनची नाटके, नाच आणि बैलांच्या झुंजी हेच कारण आहे. तिकडे इंग्लंडात जॉन वेस्लींनी त्याच भूकंपावर लिहिताना लिस्बनच्या धर्मन्यायालयाने सांडलेल्या रक्ताकडे बोट दाखवले. ढिगारा एकच, आणि प्रत्येकाला त्यात आपल्याला आधीच नकोशी असलेली गोष्ट सापडली. आपल्या देशातही हे घडले आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. हेतू थोर होता, तरी रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली: हाच तर्क विरोधकही तुमच्यावर उलटवू शकतील. गांधीजींनी ती हरकत आपल्या ‘हरिजन’मध्ये छापली आणि उत्तरही दिले. मला रवींद्रनाथांचे म्हणणे पटते. अस्पृश्यता पाप आहे हे सिद्ध करायला बिहारमधल्या मेलेल्या मुलांची साक्ष लागत नाही.

मराठवाड्यासाठी शिलोहाचा बुरूज म्हणजे किल्लारी. गंगाखेड तालुक्याच्या दक्षिणेला लातूर जिल्हा लागतो, आणि त्याच जिल्ह्यात व शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मूर्ती बुडवून लोक झोपले आणि देवाने त्यांना बुडवले, असे वाक्य उपदेशकाच्या तोंडी सहज येऊ शकते, आणि ते शिलोहाच्या वचनाच्या थेट विरुद्ध आहे. खरी हकिकत जास्त बोलकी आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर लाकडी माळवद, त्यावर उन्हाळ्यात गारव्यासाठी वर्षानुवर्षे चढवलेले मातीचे थर. भिंती फाकल्या आणि ते सगळे ओझे झोपलेल्यांवर आले. दख्खनचे पठार स्थिर आहे, असा सर्वांचा समज होता. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्याच परिसरात लहान धक्के बसले होते. देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा २००२ मध्ये बदलला, सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभागच त्यातून काढून टाकला. यात उपदेशाला हवे ते सगळे आहे: मिळालेली सूचना, मागे पडलेली तयारी, शेजाऱ्याच्या जिवाची जबाबदारी.

यावर कोणी म्हणेल, संदेष्ट्यांनी तर दुष्काळ आणि टोळधाड हा देवाचा न्याय म्हणूनच वाचला. खरे आहे. पण आमोस इस्राएलाला इस्राएलाचेच पाप सांगतो, आणि दानीएल प्रार्थनेत स्वतःला धरून ‘आम्ही’ म्हणतो. परक्या गावच्या प्रेतांकडे बोट दाखवण्याची मुभा त्यातून निघत नाही. दुसरी हरकत अशी, की उपदेश म्हणजे इतिहासाचा तास नव्हे, मन हलले की पुरे. पण मंडळीत एखादी बाई किल्लारीच्या त्या रात्री माहेर गमावलेली असेल, तर तपशील चुकताच ती उपदेशकाचे पुढचे काही ऐकणार नाही, आणि तिचेच बरोबर असेल. आणि निवाडा न करता मदतीला धावावे कसे, यासाठी पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. त्यांचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांतच गेले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा हे कोणाचे पाप, असे विचारत न बसता त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या अनाथ मुलींना घेऊन आल्या. येशूनेही शिलोहानंतर लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला दिला आहे. त्यात माळी झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो, खणायला आणि खत घालायला.

तेव्हा पाळकांना आणि फादरांना विनंती अशी, की येत्या ३० सप्टेंबरच्या आसपासच्या रविवारी किल्लारीवर बोलायचे असेल, तर आधी लूकचा तेरावा अध्याय नऊ वचनांपर्यंत वाचावा, मग माळवद कसे कोसळले ते नीट समजून घ्यावे, आणि उपदेश झाल्यावर आपल्याच मंडळीतल्या जुन्या दगडमातीच्या घरांची पाहणी करायला निघावे.