वाढवलेला वेग जातो कुठे?

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही इंदूरला आमच्या थोरल्या बहिणीकडे चार दिवस राहावयास गेलो होतो. बाहेर पारा ४२ अंशांवर, आणि घरात माडीवरच्या खोलीतून पिठाच्या गिरणीसारखी अखंड घरघर. ताईने कपाळाला हात लावला. "तुझ्या भाच्याचा कारखाना आहे तो. रात्रभर चालतो, आणि विजेचं बिल मी भरते."

भाचा वास्तुशिल्पकारांना चलच्चित्रे करून देतो. इमारतीचा पाया खोदण्यापूर्वीच तिच्या अंगणातून, जिन्यावरून, दिवाणखान्यातून फिरून आल्याचा भास व्हावा, अशी ती चित्रे असतात. हाती घेतलेले काम एका मिनिटाचे होते. एका मिनिटाचे म्हणजे किती? सेकंदाला २४ या हिशेबाने १,४४० स्वतंत्र चित्रे. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे यंत्र एकेक चित्र ३ मिनिटे १२ सेकंदांत काढीत होते. गुणाकार करून पाहा. जवळजवळ ७७ तास होतात. तो गुरुवारचा दिवस होता आणि सोमवारी सकाळी दहाला काम हातात द्यावयाचे होते. संध्याकाळी सातला आरंभ केला तर हाताशी ८७ तास. दहा तासांची ही शिल्लक भाच्याला थोडी वाटत होती. "मामा, कार्ड जरा ओव्हरक्लॉक करू का?" असे त्याने विचारले, आणि आम्ही, विचार न करता, "अवश्य कर" म्हणालो.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चित्रे काढण्याचे मुख्य काम करते ते ग्राफिक्स कार्ड. त्याच्या चिपला एक ठोका असतो. सेकंदाला किती दशलक्ष ठोके, ते मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. निर्मात्याने ठरवून दिलेल्या ठोक्यापेक्षा जलद ठोक्यावर चिप चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आमच्या तरुणपणी हा मोठा फायद्याचा उद्योग होता. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००-ए हा प्रोसेसर आला. त्याचा गुणक साडेचार, आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ. म्हणून तो ३०० चा. मदरबोर्डवर बसचा वेग १०० केला, की तोच प्रोसेसर ४५० वर धावू लागे, आणि पुष्कळांचे तसे धावलेही. एका पैचा खर्च नाही आणि दीडपट वेग! त्या आठवणीच्या जोरावरच आम्ही भाच्याला भरीस घातले. तो काळ गेला आहे, हे आमच्या ध्यानात राहिले नाही.

भाच्याकडचे कार्ड मित्राकडून घेतलेले, वापरलेले: जीटीएक्स १०६०, सहा जीबीचे. २०१६ साली बाजारात आलेले हे कार्ड आपल्या ऐपतीप्रमाणे अजूनही चांगले काम देते. त्याने आफ्टरबर्नर नावाचे सॉफ्टवेअर उघडले आणि ठोक्याची पट्टी १५० मेगाहर्ट्झने पुढे सरकवली. कार्ड त्या उन्हाळ्यात सुमारे १,७०० वर चालत होते. म्हणजे नऊ टक्क्यांची वाढ व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात १९२ सेकंदांचे चित्र १८७ सेकंदांत निघाले. पाच सेकंद! भाच्याचा चेहरा पडला. आम्ही म्हणालो, "पाच तर पाच, दोन तास वाचले." यंत्र सुरू करून सारे झोपावयास गेले.

शुक्रवारी सकाळी सात वाजता माडीवर गेलो तो पडदा काळा. रात्री दोनच्या सुमारास ड्रायव्हर कोसळला होता. त्याहून वाईट म्हणजे भाच्याने चित्रे सुटी न साठवता थेट चलच्चित्राच्या एकाच फाइलमध्ये भरावयास लावली होती. ती फाइल अर्धवट राहिल्यामुळे निरुपयोगी झाली आणि काढून झालेली शंभराहून अधिक चित्रे तिच्याबरोबर गेली. (हे काम करणाऱ्या वाचकांनी चित्रे नेहमी सुटी साठवावीत. नंतर ती जोडावयास काही मिनिटे पुरतात.) आता सोमवारच्या दहापर्यंत उरले ७५ तास आणि जुन्या वेगाने लागणार ७७. ताईने चहा आणून ठेवला आणि एक शब्द न बोलता ती खाली गेली. ती रागावली असती तर आम्हांला बरे वाटले असते.

पुढचे दोन तास आम्ही जे केले त्याला मराठीत 'रोग म्हशीला आणि औषध पखालीला' म्हणतात. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. वीजपुरवठ्याच्या डब्यावर संशय घेतला. ज्या मित्राने कार्ड विकले त्याच्या सचोटीविषयीही भाचा काहीबाही बोलला. कार्ड वाईट निघाले, हा निष्कर्ष काढणे सर्वांत सोपे असते, कारण त्यानंतर काही शोधावे लागत नाही.

मग आम्ही शांतपणे विचारले, "तू दिलेले १५० मेगाहर्ट्झ गेले कुठे?"

हाच खरा प्रश्न होता. जीपीयू-झेड या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा प्रत्यक्ष ठोका, तापमान आणि विजेचा वापर क्षणोक्षणी दिसतो. शिवाय कार्ड याहून जलद का धावत नाही, याचे कारणही एका ओळीत दिसते. तेथे शक्तीची मर्यादा असे कारण दिसत होते, आणि तापमान ८४ अंश. ठोका १,८५० नव्हताच. तो १,७५० च्या आसपास रेंगाळत होता.

याचे मर्म असे. २०१२ साली एनव्हिडियाने जीटीएक्स ६८० या कार्डाबरोबर 'जीपीयू बूस्ट' ही पद्धत आणली, तेव्हापासून ठोका ही ठरीव गोष्ट उरलेली नाही. आपल्याला किती वीज वापरण्याची मुभा आहे आणि आपण किती तापलो आहोत, हे पाहून कार्ड स्वतःच ठोका वर-खाली करते. भाच्याच्या कार्डावर बूस्टचा आकडा १,७०८ असा छापलेला. पण थंड हवेत ते आपण होऊन १,९०० च्या पलीकडे जाते. म्हणजे आमच्या सेलेरॉनमध्ये निर्मात्याने जी शिल्लक ठेवली होती, ती आता कार्ड स्वतःच खर्चून टाकते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि विजेचा हिशेब फार निर्दय आहे. चिपला लागणारी शक्ती ठोक्याच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ठोका पाच टक्के वाढवला आणि तो पेलण्यासाठी व्होल्टेजही पाच टक्के वाढले, तर वीज सुमारे सोळा टक्के अधिक लागते. या कार्डाची ठरीव मर्यादा १२० वॅटची. मर्यादा आली की ते मुकाट्याने मागे सरते. पट्टी सरकवणाऱ्याला वाटते, आपण वेग वाढवला. कार्डाने मात्र फक्त विनंती ऐकून घेतलेली असते.

उष्णतेचा दोष दुहेरी. या पिढीची कार्डे ८३ अंशांच्या मर्यादेला पोचण्याच्या बऱ्याच आधीपासून, तापमान चढेल तसा ठोका तेरा-तेरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरवीत जातात. शिवाय चिप तापली की तिच्यातून झिरपून वाया जाणारी वीजही वाढते, आणि तीही त्याच १२० वॅटमधून वजा होते.

भाच्याने यंत्र बंद करून, वायर काढून, कार्ड बाहेर घेतले. पंख्यामागच्या पात्यांत धुळीचा असा थर बसला होता की जणू जुन्या गोधडीतला कापूस. चिप आणि तिच्यावरचे धातूचे बूड यांच्यामधला थर्मल पेस्ट वाळून खडूसारखा झाला होता. कार्डाची वॉरंटी कधीच संपलेली होती, म्हणून ते उघडण्यास हरकत नव्हती. नव्या कार्डाच्या बाबतीत आधी विचार करावा. ब्रशने धूळ काढली, जुना पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, बाजारातून आणलेली नवी नळी वापरली. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. पट्टीला हात न लावता पुन्हा मोजले. तापमान ७२, ठोका १,७८५. एकही मेगाहर्ट्झ न मागता कालच्यापेक्षा अधिक मिळाला होता.

पण रात्री दोनला ते कोसळले का, याचा उलगडा राहिलाच होता. भार अखंड असताना कार्ड १,७५० वरच होते, मग मान कोठे टाकली? आफ्टरबर्नरने रात्रभर नोंदलेला आलेख आम्ही पाहिला. त्याच्यावर करवतीसारखे दात होते. दर चित्राच्या आधी काही सेकंद प्रोसेसर पुढच्या चित्राची जुळवाजुळव करतो. तेवढा वेळ कार्ड मोकळे असते आणि निवते. नवे चित्र सुरू झाले की विजेची सारी मुभा हाताशी असल्यामुळे ते क्षणभर एकदम वरच्या टोकाला उडी घेते. एरवी ते टोक १,९५० चे. आम्ही दिलेले १५० तेथे पुरेपूर लागू झाल्यामुळे ते २,१०० झाले होते. अशी उडी दर तीन मिनिटांनी एकदा. शंभराहून अधिक वेळा ती साधली आणि एकदा चुकली. कामाच्या वेळी जी वाढ पदरात पडली नाही, ती नको त्या क्षणी पुरी पडली.

त्यावर उपाय पट्टीत नव्हता. व्होल्टेज आणि ठोका यांच्या वक्ररेषेत होता. २०१६ च्या पिढीपासून ही रेषा बिंदू-बिंदूने बदलता येते. भाच्याने ०.९५ व्होल्टवर १,९०० हा बिंदू ठरवला आणि त्यापुढची रेषा सपाट केली, म्हणजे कार्ड त्याहून वर उडी घेऊच शकणार नाही. काही चित्रांतच ते कोसळले. १,८७५ वर कोसळले नाही, पण एका चित्रात भिंतीवर पांढरे ठिपके उमटले. हा नकार अधिक सावध करणारा, कारण तो सहज दिसत नाही. १,८६० वर सारे स्वच्छ. व्होल्टेज पूर्वीच्या टोकापेक्षा कमी, वीज मर्यादेच्या आत, आणि ठोका स्थिर.

मेमरीचा वेग वाढवण्याचा मोहही भाच्याला झाला. तेथला प्रकार मोठा फसवा आहे. या कार्डाच्या जीडीडीआर-५ मेमरीत वाटेत झालेली चूक ओळखण्याची सोय असते; चूक दिसली की मजकूर पुन्हा मागवला जातो. त्यामुळे वेग फार वाढवला तर कार्ड कोसळत नाही, उलट काम हळू होते. थोड्या वाढीने दोन सेकंद वाचले, आणखी वाढवल्यावर तीन सेकंद जादा लागले. आम्ही मेमरी मूळ वेगावर ठेवली. दोन सेकंदांसाठी दुसरी रात्र पणाला लावण्याची आमची छाती नव्हती.

मोजण्यावरून एक आठवले. हे कार्ड घेतल्यावर भाच्याने एकदा खेळ लावून ओव्हरक्लॉकिंगची परीक्षा घेतली होती आणि काही फरक पडत नाही म्हणून सोडून दिली होती. त्याचा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा, आणि खेळात पडद्याशी जुळवून घेण्याची कळ चालू! ६० च्या वर आकडा जाणार कसा? मापच ६० चे असेल तर त्यात ६५ मावत नाहीत.

आता त्या जुळवाजुळवीच्या वेळेकडे आमचे लक्ष गेले. १९२ सेकंदांपैकी २४ सेकंद तिच्यात जात होते, आणि त्या वेळी कार्डाला कामच नव्हते. त्याचा ठोका दुप्पट केला असता तरी ते २४ चे २३ झाले नसते. या चित्रात तर इमारत जागच्या जागी होती. फिरत होता तो केवळ पाहणाऱ्याचा डोळा. मग तीच इमारत दर चित्राला नव्याने का उभारावी? एकदा केलेली तयारी पुढच्या चित्रासाठी जपून ठेवण्याची सोय ब्लेंडरमध्ये आहे. ती वापरल्यास मेमरी अधिक लागते. सहा जीबीत ती मावली. २४ चे चार सेकंद झाले.

हिशेब असा लागला. कार्डाचे काम १६८ सेकंदांवरून १५४ वर आले. दर चित्रामागे १४ सेकंद, म्हणजे एकूण साडेपाच तासांहून थोडे अधिक. तयारीतून वाचले वीस सेकंद, म्हणजे आठ तास. ज्या कळीला ओव्हरक्लॉकिंगशी काही देणेघेणे नाही तिने अधिक दिले. एका चित्राला आता १५८ सेकंद लागणार होते, साऱ्या कामाला ६३ तास आणि काही मिनिटे. घड्याळात शुक्रवारचे पाच वाजत होते. उरले होते ६५ तास.

भाच्याने कळ दाबली, या वेळी चित्रे सुटी साठवण्याची खात्री दोनदा करून घेऊन. शनिवारी दुपारी खोली तापू लागली तेव्हा ताईने आपल्या खोलीतला कूलर आपण होऊन माडीवर पाठवला. मात्र त्याचा ओला वारा यंत्रावर येऊ न देता आम्ही तो खिडकीपाशी ठेवला. त्या दोन रात्री आमच्यापैकी कोणी ना कोणी उठून वर डोकावत असे.

सोमवारी सकाळी सव्वाआठला शेवटचे चित्र निघाले. भाच्याने सारी चित्रे भराभर नजरेखालून घातली. ठिपके कोठेही नव्हते, पण एका दिवाणखान्यात त्याचा स्वतःचाच खुर्ची ठेवण्यात हात चुकलेला निघाला आणि खुर्ची जमिनीपासून चार बोटे वर तरंगत होती. ती दिसत होती अकरा चित्रांत. अकरा चित्रे म्हणजे २९ मिनिटे. ती पुन्हा काढावयास लावून तो आंघोळीला गेला.