न खेळलेला सामना

अमेरिकेंतील लहानमोठ्या गांवांत शरद् ऋतूंतली शुक्रवारची संध्याकाळ एखाद्या जत्रेसारखी असते. हायस्कूलच्या मैदानावर दिवे लागतात, शाळेचा बँड वाजूं लागतो, आणि आईबाप, आजी-आजोबा, माजी विद्यार्थी, दुकानदार अशी सारी मंडळी फुटबॉलचा सामना पाहण्यास लोटतात. परंतु कधीं कधीं असाहि शुक्रवार येतो कीं, मैदान रिकामेंच राहतें. पाहुणा संघ येत नाहीं. आपण हा सामना सोडीत आहों, असें त्या शाळेनें आधींच कळविलेलें असतें. मग निकालाच्या कोष्टकांत एका शाळेपुढें १ व दुसरीपुढें ० असे आकडे पडतात. प्रत्यक्ष खेळून असा निकाल लागत नाहीं. म्हणून ते आकडे पाहतांच जाणकार ओळखतो कीं, येथें चेंडूला कोणाचा हातच लागलेला नाहीं.

सामना सोडण्याचीं कारणें अनेक असूं शकतात. अलीकडच्या काळांत मात्र त्यांपैकीं एक कारण विशेष चर्चेचा विषय झालें आहे. प्रतिपक्ष इतका बलाढ्य आहे कीं, त्याच्यापुढें आमचीं मुलें उभीं केल्यास त्यांना गंभीर इजा होईल, असें शाळा सांगतात. यावर कोणी म्हणतो, हा भित्रेपणा आहे. हरण्याची लाज वांचविण्यासाठीं सुरक्षिततेचें निमित्त पुढें केलें जात आहे. दुसरा म्हणतो, हेंच खरें शहाणपण. या दोहोंपैकीं एक मत स्वीकारण्यापूर्वीं हा खेळ काय आहे आणि विषम जोडीनें त्यांत कोणता धोका उत्पन्न होतो, हें समजून घेतलें पाहिजे.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलें म्हणजे पायानें खेळावयाचा वाटोळा चेंडू डोळ्यांपुढें येतो. अमेरिकन फुटबॉल अगदीं निराळा. त्याचा चेंडू लंबगोल असून तो बहुतेक हातांनींच नेला किंवा फेंकला जातो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनीं चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें. तसें साधलें तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू अंतिम रेषेपलीकडे पोंचविला कीं सहा गुण होतात. चेंडू नेणाऱ्यावर झेप घालून त्याला भुईवर पाडणें हें बचाव करणाऱ्यांचें काम. आणि समोरासमोर बसलेल्या धिप्पाड गड्यांच्या दोन रांगांनीं प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं एकमेकींवर आदळणें हा तर नित्यक्रमच. कुस्तींत किंवा हुतूतूंत अंगाला अंग भिडतें. येथें त्या भिडण्याला धांवेच्या वेगाचीहि भर पडलेली असते.

आपल्याकडील वस्ताद कुस्ती ठरवितांना तोलामोलाची जोड पाहतो. पोरसवदा गड्याला कसलेल्या मल्लापुढें उतरविण्यास त्यानें नकार दिला, तर त्याला कोणी भित्रा म्हणत नाहीं. अमेरिकन फुटबॉलमध्यें जोड पाहण्याचें महत्त्व याहून अधिक आहे, आणि त्याचें कारण साध्या गणितानें समजण्यासारखें आहे. एका गड्याचें वजन १५० पौंड व दुसऱ्याचें ३०० पौंड आहे असें धरूं. दोघेहि सारख्याच वेगानें समोरासमोर आदळले, तर वेगांत होणारा अचानक बदल हलक्या गड्याच्या वांट्याला जड गड्याच्या दुपटीनें येतो. जड गडी पुढेंच जात राहतो. हलका उलट दिशेला फेंकला जातो. बरोबरी राखावयाची तर हलक्यानें दुप्पट वेगानें धांवलें पाहिजे, आणि तें कोणाच्यानें होत नाहीं.

वेगांतील हाच अचानक बदल मेंदूला घातक ठरतो. कवटीच्या आंत मेंदू द्रव पदार्थानें वेढलेला असतो. डोक्यावरील शिरस्त्राण कवटी फुटण्यापासून रक्षण करतें. आंतल्या मेंदूचें हिंदकळणें मात्र तें थांबवूं शकत नाहीं. त्या हिंदकळण्यानें घेरी, डोकेदुखी, गोंधळ, विस्मृति अशीं लक्षणें उद्भवतात. बेशुद्धि आलीच पाहिजे असें नाहीं. म्हणूनच पुष्कळदा दुखापत लक्षांत येत नाहीं आणि मुलगा पुन्हां खेळूं लागतो. पहिला आघात भरून येण्यापूर्वींच दुसरा बसला, तर क्वचित् प्रसंगीं तो प्राणावरहि बेततो. २००६ सालीं वॉशिंग्टन राज्यांत तेरा वर्षांच्या एका मुलाला डोक्याला मार लागल्यावर त्याच सामन्यांत पुन्हां खेळूं दिलें गेलें, आणि त्याला कायमचें अपंगत्व आलें. त्याच्या नांवानें २००९ सालीं त्या राज्यानें कायदा केला. अशी दुखापत झाल्याचा संशय येतांच खेळाडूला बाहेर काढावें, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या लेखी संमतीवांचून परत खेळवूं नये, असा तो कायदा आहे. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासहि राज्यांनीं या प्रकारचे कायदे केले.

वजनाच्या भेदाला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते. हायस्कूलमधील मुलें चौदा ते अठरा वर्षांचीं असतात. या वयांत चार वर्षांचें अंतर म्हणजे मूल आणि पुरुष यांच्यामधील अंतर होय. दुसरी गोष्ट संख्येची. मोठ्या शाळेकडे चढाईचा संघ वेगळा व बचावाचा वेगळा, शिवाय राखीव गडी निराळे, इतकीं मुलें असतात. लहान शाळेंत मोजकींच मुलें दोन्ही कामें करतात व अखेरपर्यंत मैदान सोडूं शकत नाहींत. थकलेल्या मुलाची मान खालीं जाते, पाय जड होतात, आणि अंगावर येणाऱ्याला नीट अडविण्याचें शिकविलेलें तंत्र तो विसरतो.

हे धोके अमेरिकनांना नवे नाहींत. १९०५ च्या हंगामांत या खेळापायीं अठराच्या आसपास खेळाडू दगावल्याचें वृत्तपत्रांनीं मोजलें होतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें पाचारण करून खेळ सुधारण्यास सांगितलें. १९०६ सालीं चेंडू पुढें फेंकण्याची मुभा मिळाली, आणि झुंडीनें एकाच जागीं रेटारेटी करण्याची गरज कमी झाली. खेळाचे नियम असे सुधारत गेले. परंतु कोणी कोणाशीं खेळावें हा प्रश्न त्या नियमांच्या बाहेरच राहिला.

त्याचें पुढचें उदाहरण महाविद्यालयांतील आहे. १९१६ सालीं टेनेसींतील कंबर्लंड महाविद्यालयानें आपला फुटबॉल संघ बंद केला होता. तथापि जॉर्जिया टेकशीं ठरलेला सामना सोडल्यास ३,००० डॉलर भरावे लागणार होते. म्हणून हातीं लागतील तीं मुलें घेऊन संघ अटलांटास गेला, आणि २२२ विरुद्ध ० असा हरला. हा निकाल आजहि विनोदानें सांगितला जातो. त्यांत बोध घेण्यासारखी गोष्ट ही कीं, सामना न खेळणें हेंच शहाणपणाचें असतांना दंडाच्या भीतीनें तो खेळला गेला.

हायस्कूलांत विषम जोडी टाळण्यासाठीं राज्याराज्यांच्या क्रीडासंघटना विद्यार्थिसंख्येवरून शाळांचे वर्ग पाडतात. ही रीत सोपी आहे, पण अपुरी आहे. सारख्याच पटाच्या दोन शाळांपैकीं एक खाजगी असून दूरदूरचे खेळाडू घेऊं शकते. दुसरीला आपल्या वस्तींतील मुलांवरच भागवावें लागतें. एकीकडे व्यायामशाळा, प्रशिक्षक व पैसा असतो. दुसरीकडे यांपैकीं कांहींच नसतें. पटावरील संख्या जुळली तरी बळ जुळत नाहीं.

२०१६ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील आर्चबिशप मर्फी हायस्कूलच्या बाबतींत हेंच घडलें. या संघानें पहिल्या तीन सामन्यांत मिळून १७० गुण केले आणि एकहि गुण दिला नाहीं. त्याच्या रांगेंत ३०० पौंडांच्या घरांतील मुलें होतीं. पुढील प्रतिस्पर्ध्यांपैकीं अनेकांनीं सुरक्षिततेचें कारण देऊन एकामागून एक सामने सोडले. त्या शाळांच्या पालकांची काळजी खोटी नव्हती. परंतु ज्या मुलांनीं कोणताहि नियम मोडला नव्हता, त्यांचे शुक्रवारहि रिकामे गेले. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत असलेल्या मुलाला ते पुन्हां मिळत नाहींत.

२०१८ सालीं बाल्टिमोर शहरांत याहून नाजूक प्रसंग आला. तेथील सेंट फ्रान्सिस अकादमी ही १८२८ सालीं कृष्णवर्णी मुलांच्या शिक्षणासाठीं निघालेली कॅथलिक शाळा. धनिक प्रशिक्षकाच्या साहाय्यानें तिचा संघ झपाट्यानें वर आला, आणि २०१७ सालीं त्यानें खाजगी शाळांच्या संघटनेंत वरच्या वर्गाचें विजेतेपद मिळविलें. पुढच्या वर्षीं त्या वर्गांतील इतर शाळांनीं तिच्याशीं खेळण्यास नकार दिला. बाहेरून खेळाडू आणून बळ वाढविलें आहे, आमच्या मुलांना इजा होईल, असें त्यांचें म्हणणें. नकार देणाऱ्या शाळा बहुतांशीं श्वेतवर्णी व संपन्न कुटुंबांच्या. सेंट फ्रान्सिसचीं पुष्कळशीं मुलें कृष्णवर्णी व गरीब. अशा स्थितींत 'सुरक्षितता' हा शब्द त्या मुलांना अपमानासारखा वाटला, तर नवल नाहीं. संघाला सामन्यांसाठीं दूरच्या राज्यांत जावें लागलें. दोन्ही बाजूंचें म्हणणें एकाच वेळीं खरें असूं शकतें, हें या प्रकरणावरून दिसतें: बळाचा भेद खरा होता, आणि बहिष्काराची बोंचहि खरी होती.

विषम सामना सुरू झाल्यावर त्याची झळ कमी करण्याचे उपाय आहेत. अनेक राज्यांत उत्तरार्धांत एक संघ ३५ किंवा तत्सम गुणांनीं पुढें गेला म्हणजे घड्याळ न थांबवितां चालूं देतात. एरवीं तें वारंवार थांबत असल्यानें खेळ लांबतो. लहान गांवांसाठीं सहा-सहा गड्यांचा फुटबॉल १९३४ सालीं नेब्रास्कांत निघाला. त्यांत पूर्वार्ध संपतांना किंवा त्यानंतर ४५ गुणांचें अंतर पडलें कीं सामनाच संपतो. कनेक्टिकट राज्यानें २००६ सालीं पन्नासांहून अधिक गुणांनीं जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकावर बंदीची शिक्षा ठेविली. हे उपाय उपयुक्त आहेत; तथापि अंतर पडेपर्यंत मुलें एकमेकांवर आदळलेलींच असतात.

शिवाय मोठ्या माणसांचा विवेक प्रत्येक वेळीं जागा असतोच असें नाहीं. २०२१ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील इंगलवुड हायस्कूलनें मॉर्निंगसाइड हायस्कूलचा १०६ विरुद्ध ० असा पराभव केला. १०४ गुण झाल्यावरहि आणखी दोन गुणांसाठीं प्रयत्न करण्यांत आला. शाळेनें नंतर क्षमा मागितली. त्याच वर्षीं ऑगस्टांत ओहायोंतील कँटन येथें आयएमजी अकादमीनें बिशप सिकॅमोर नांवाच्या संघाचा ५८ विरुद्ध ० असा पाडाव केला. हरलेला संघ दोनच दिवसांपूर्वीं दुसरा सामना खेळून आला होता. दूरचित्रवाणीवरील समालोचकांनीं खेळ चालू असतांनाच मुलांविषयीं चिंता व्यक्त केली. मागाहून सरकारी चौकशींत या नांवाची खरीखुरी शाळाच चालत नसल्याचें निष्पन्न झालें. ज्यांनीं हा सामना जुळविला त्यांनीं आधीं एवढी चौकशी केली असती, तर त्या मुलांवर तो प्रसंग आला नसता.

या सर्व प्रकरणांचा विचार केल्यावर असें दिसतें कीं, शुक्रवारीं सकाळीं सामना सोडणारा मुख्याध्यापक भित्रा कीं शहाणा, हा वाद मुळाशीं जात नाहीं. चूक कित्येक महिने आधीं, वेळापत्रक आंखतांना झालेली असते. पटसंख्येबरोबरच मागील हंगामांतील निकाल, खेळणाऱ्या मुलांची संख्या व त्यांचें वय यांचा विचार त्या वेळीं झाला पाहिजे. दुर्बळ शाळेला खालच्या वर्गांत खेळण्याची मोकळीक हवी, आणि प्रबळ शाळेला तोलाचे प्रतिस्पर्धी मिळवून देणें हेंहि संघटनेनें आपलें काम मानलें पाहिजे. यासाठींची कसोटी हंगामापूर्वीं जाहीर करून सर्वांना सारखीच लावावी; म्हणजे सुरक्षिततेच्या नांवाखालीं कोणाला वगळल्याचा संशय राहणार नाहीं. आणि एवढें करूनहि जोड चुकलीच, तर सामना सोडणाऱ्या शाळेला दंड नसावा. कंबर्लंडच्या मुलांना ३,००० डॉलरांसाठीं मैदानांत उतरावें लागलें. तसें कोणत्याहि शाळेला पुन्हां करावें लागूं नये.