रक्त आधी कुणाचं तपासायचं?

आनुवंशिकतेची ओळख : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांची ओळख झाली. यांतलं एक जन्मतःच सदोष असेल, तर बाईला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात सुमारे ७० असते. अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता बीआरसीए-१मध्ये सुमारे ४४, तर बीआरसीए-२मध्ये १७. हे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातले आहेत. ते वाचून उद्याच रक्त देऊन यावंसं वाटेल, पण थोडं थांबा. रक्त देण्याआधी समुपदेशकाशी बोलणं व्हायला हवं, आणि ते नीट झालं नाही तर पुढचा अहवाल गोंधळच वाढवतो.

पालघर-बोईसर भागात या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : हे कंपन्यांमुळे झालं का? की अणुवीज केंद्रामुळे? प्रश्न रास्त आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९पासून चालू आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यमापनात तारापूर औद्योगिक वसाहत देशात सर्वांत प्रदूषित ठरली होती. त्याचा जाब विचारलाच पाहिजे, पण या चाचणीला विचारून उपयोग नाही. आई किंवा वडिलांकडून आलेला दोष ती दाखवते. हवापाण्याबद्दल ती काही सांगत नाही. शिवाय स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणींचाच आजार असा वारशाने आलेला असतो.

तो कुणाचा असावा, हे ठरतं वंशावळीवरून. समुपदेशक कागदावर तीन पिढ्या मांडतो आणि इथेच आपल्या घरांतल्या समजुती आडव्या येतात. ‘माझ्या सासूलाही झाला होता’ असं सून काळजीने सांगते. सासूचा आजार सुनेच्या रक्तात येत नाही. तिच्या मुलीच्या रक्तात मात्र वडिलांमार्फत येऊ शकतो, आणि ते कुणाच्या ध्यानात नसतं. ‘आईकडे कुणालाच नाही’ म्हणून निश्चिंत झालेलीला आत्या आठवत नाही. दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. आई असो वा वडील, प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. बाप स्वतः बहुधा धडधाकट राहतो, म्हणून ही बाजू झाकली जाते.

जुन्या मृत्यूंची तर नोंदच नसते. ‘पोटात पाणी झालं आणि गेली’ एवढंच आजीबद्दल घरात ठाऊक असतं. ते यकृताचं दुखणं असेल, क्षयही असेल, पण अंडाशयाचा कर्करोगही अगदी असाच दिसतो. म्हणून समुपदेशक खोदून विचारतो : वय काय होतं? गाठ एका बाजूला होती की दोन्हीकडे? पिशवी काढली तेव्हा तपासणीचा कागद मिळाला होता? कुणा पुरुषाला छातीत गाठ झाली होती का? बोईसरला कामासाठी येऊन राहिलेल्या कुटुंबांना तर यासाठी गावाकडे चार फोन करावे लागतात. ते करावेत.

आता शीर्षकातला प्रश्न. घाबरलेली, धडधाकट असलेली पंचविशीतली भाची चाचणीला तयार होते. किमो झालेली मावशी म्हणते, मला आता काय करायचंय? खरं तर आधी मावशीचं रक्त तपासायला हवं. तिच्यात दोष सापडला आणि भाचीत तोच नसला, तर भाचीचा धोका इतर बायकांइतकाच. मावशीला वगळून भाचीचा अहवाल निर्दोष आला, तर त्यातून फारसं काही कळत नाही. घरातला दोष कदाचित वेगळ्याच जनुकात असेल. मावशीलाही फायदा आहे : ओलापॅरिबसारखी औषधं द्यायची का, हे काही वेळा याच अहवालावर ठरतं.

अहवालाचा तिसरा प्रकार सर्वांत छळणारा. बदल दिसतो, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरवता येत नाही. जगभरातली जनुकीय माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची. वारली, मांगेला किंवा वाडवळ कुटुंबात दिसलेला बदल ताडून पाहायला नमुने तोकडे पडतात. अशा अनिश्चित अहवालावरून कुणी शस्त्रक्रिया सुचवली तर दुसरं मत घ्या. अंडाशय काढून टाकणं ही काही सावधगिरीची गोळी नव्हे.

दोष नक्की निघाला, तर पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, पुढे मॅमोग्राफीही, आणि मुलंबाळं झाल्यावर पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास बीजवाहिन्या-अंडाशय काढण्याचा विचार. स्तन काढणं हा पर्याय आहे, सक्ती नाही. अँजेलिना जोलीने २०१३ साली तो निवडला आणि जगभर चर्चा झाली, पण दर वर्षी तपासणी करत राहणाऱ्या बाईचा निर्णयही तेवढाच शहाणा. मुलीचं लग्न जमेल का, ही धास्ती घरोघरी असते. अहवाल तिचा आहे. तो कुणाला सांगायचा हे तीच ठरवील, आणि अठरा वर्षांच्या आत तिची चाचणी करायचं कारण नाही.

टाटा स्मारक केंद्राचं कर्करोग-आनुवंशिकता क्लिनिक परळ-खारघरला आहे. डहाणू लोकलने मुंबई गाठायची, तर दिवस मोडणार. तो वाया जाऊ नये म्हणून घरातल्या आजारी माणसांच्या बायोप्सीचे कागद शोधून सोबत न्या, आणि जी मावशी ‘मला काय करायचंय’ म्हणते, तिलाही बरोबर न्या.