तो शेपूट हलवत नाही

टाकून दिलेला कुत्रा घरी आणला, की तो चार दिवसांत पायात घोटाळायला लागतो. साप असलं काही करत नाही. तरीही त्याला वाचवायचं का? वाचवायचं तर कसं? एका थंडीतली ही गोष्ट...

डिसेंबरमधली रविवारची सकाळ. वाकडची कडाक्याची थंडी, हातात वाफाळता चहा, अकरापर्यंत लोळायचा प्लॅन... आणि इंटरकॉम वाजला.

“ताई, जरा खाली या. सहाशे दोनवाल्या साहेबांनी पेटी ठेवलीय माझ्याकडं. आत जनावर हाय.”

वॉचमनकाका साताऱ्याकडचे. त्यांच्या तोंडी ‘जनावर’ म्हणजे काय, हे कळायला मला दोन सेकंद लागले. गावाकडे सापाला सरळ साप म्हणत नाहीत!

सोसायटीत मी ‘कुत्र्यांवाली ताई’ म्हणून फेमस आहे. त्यामुळे भटकं मांजर, पंख तुटलेलं कबूतर, सगळी पार्सलं माझ्याच दारात येतात. पण हे प्रकरण वेगळं होतं. काकांच्या केबिनमध्ये काचेचा टँक, फ्यूज उडालेला बल्ब, कोरडीठाक वाटी आणि कोपऱ्यात स्वतःभोवती गच्च गुंडाळून बसलेला एक बॉल पायथन. पाठीचा कणा कौलारू घराच्या आढ्यासारखा वर आलेला. अंगावर अर्धवट सुटलेल्या कातीचे तुकडे. साहेब ऑनसाइटला गेले होते. ‘दोन दिवसांत मित्र येऊन घेऊन जाईल’ असं सांगून गेले, त्याला चार दिवस झाले होते.

मी फोन लावला. पलीकडून अगदी कूल आवाज, “अगं, टेन्शन नको घेऊस. तो एकदम लो मेंटेनन्स आहे. महिनाभर नाही खाल्लं तरी चालतं!”

मला भयंकर राग आला. पण खरं सांगू? तो राग पूर्ण त्याच्यावरचा नव्हता. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या घरच्या पार्टीत हाच साप आम्ही सगळ्यांनी गळ्यात घालून फोटो काढले होते. लाउड म्युझिक, फ्लॅश, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात... बल्ब तेव्हाही बंद होता. मला तो दिसला होता. मी काही बोलले नाही. त्या फोटोत मीही आहे, छान हसतेय.

पगपासून पायथनपर्यंत

प्राणी पाळण्याच्याही फॅशन येतात. २००३ मध्ये ‘हच’च्या जाहिरातीत एक पग छोट्या मुलाच्या मागेमागे फिरला आणि शहरभर पगच पग झाले. चपट्या नाकामुळे या कुत्र्याला श्वास घ्यायलाच त्रास होतो आणि उन्हाळ्यात त्याचे हाल होतात, हे जाहिरातीत थोडंच सांगणार? मग हस्की आले. बर्फात गाडी ओढणाऱ्या कुत्र्याला आपण मे महिन्यात पुण्याच्या रस्त्यावर फिरवायला लागलो! त्याच रांगेत नाण्याएवढी गोंडस कासवं आली. कानामागे लाल पट्टा असलेली ही रेड-इअर्ड स्लायडर मूळची अमेरिकेची. ती बघता बघता जेवणाच्या ताटलीएवढी होतात आणि तीस-तीस वर्षं जगतात. टाकीत मावेनाशी झाली, की ‘मोकळं जगू दे बिचाऱ्याला’ म्हणत लोक ती तळ्यात सोडून देतात. तिथे ती आपल्या देशी कासवांचं अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावतात. थोडक्यात, एका जिवावर दया आणि अख्ख्या तळ्यावर अन्याय.

आता नंबर सरपटणाऱ्यांचा. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. बिनविषारी, शांत, घाबरला की चेंडूसारखा गुंडाळून घेणारा. भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही, सोफा फाडत नाही. बारा-बारा तास ऑफिसात असणाऱ्यांना आणखी काय हवं? तो लो मेंटेनन्स आहे, हे खरंच. पण लो म्हणजे झिरो नव्हे, एवढीच गोम आहे.

आधी ऊब, मग जेवण

मालकाकडून मेलवर ‘उपचारासाठी नेतेय’ अशी परवानगी घेतली, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टर शोधल्या आणि टँक रिक्षात घातला. (काय आहे ते रिक्षावाल्याला सांगितलं नाही. सॉरी, दादा!) डॉक्टरांनी तोंड तपासलं, श्वासाचा आवाज ऐकला, खवल्यांमध्ये गोचिडी आहेत का ते पाहिलं. मी म्हटलं, “आज रात्रीच उंदीर देऊ का?” त्या म्हणाल्या, “मुळीच नाही.”

इथेच आपलं पहिलं चुकतं. उपाशी जीव दिसला, की आपण वाढायला धावतो. कुत्र्याचंही तेच. अनेक दिवस उपाशी असलेल्या कुत्र्यासमोर एकदम भरलेली थाळी ठेवली, तर शरीरातल्या क्षारांचं गणित कोलमडतं आणि जिवावरही बेतू शकतं. म्हणून थोडं थोडं, दिवसातून अनेकदा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सापाची तर पचनाची चूलच बाहेरच्या उबेवर पेटते. थंड शरीरात गेलेला उंदीर पचत नाही. साप तो उलटून टाकतो आणि आणखी खंगतो.

म्हणून आधी ऊब. टँकची एक बाजू ३१-३२ अंश आणि दुसरी २५-२६, म्हणजे हवं तिकडे त्याला सरकता येतं. हीटरला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजतं. दोन्ही टोकांना लपायला जागा. स्वच्छ पाणी. एका डब्यात ओलसर मॉस, कात सैल व्हायला. डोळ्यांवरची जुनी कात हाताने सोलायची नाही, डोळाच जायचा! आणि सगळ्यात अवघड पथ्य म्हणजे त्याला हात लावायचा नाही. उचलायचं नाही, दाखवायचं नाही, फोटो नाही.

रोज सकाळी तापमान लिहायचं, पाणी बदलायचं, आठवड्याने वजन करायचं. संपलं! कुठलाही पिक्चर निघणार नाही असलं हे काम. माझ्या आधीच्या फॉस्टर कुत्रीने, भुरीने, पाचव्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. हा मात्र रोज माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसा बघायचा.

आईला फोनवर सांगितलं. आधी सन्नाटा. मग, “घरात? मग मी संक्रांतीला येत नाही.” थोड्या वेळाने स्वतःच, “दूध देतेस का त्याला?” नाही गं आई. साप दूध पितो ही आपल्या नागपंचमीची समजूत. तहानेने व्याकुळ केलेला साप समोर येईल ते पितो, आणि दूध त्याला पचत नाही. त्याच दिवसासाठी नागांचे दात काढले जातात, तोंडं शिवली जातात. श्रद्धेच्या नावाखाली केलेली तीही हेळसांडच.

दोन आठवड्यांनी फ्रीझरमधला छोटा उंदीर कोमट करून चिमट्याने पुढे धरला. (मटारच्या पाकिटाशेजारी उंदीर पाहून रूममेटने जे ऐकवलं, ते छापण्यासारखं नाही.) त्याने तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यातही नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री साडेअकराला, लाइट बंद करून बसलेली असताना झपकन आवाज झाला... आणि चिमटा रिकामा! मी अंधारात एकटीच हसत होते.

कागद चोख, साप उपाशी

गंमत म्हणजे, साहेबांचे कागद एकदम चोख होते. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार बॉल पायथनसारख्या विदेशी प्राण्यांची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करणं बंधनकारक झालं. हस्तांतर, जन्म, मृत्यू, सगळंच कळवावं लागतं. यानेही नोंद केली होती. पण पोर्टल बल्ब बदलायला येत नाही. आणि जनावर टाकून दिल्याची शिक्षा? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे जास्तीत जास्त ५० रुपये. एवढ्यात कॉफी शॉपमध्ये नुसता कप तरी मिळेल का?

कायदा एका मर्यादेपर्यंतच पुरतो. बाकीचं काम शहरातली माणसं करतात. मुंबईकरांचं परळचं ‘बैलघोडा’ हॉस्पिटल शंभराहून अधिक वर्षं हे करतंय, पुण्यात २००७ पासून ‘रेस्क्यू’ संस्था आहे. पण कुठल्याही शेल्टरचे पिंजरे आपल्या हौसेच्या वेगाने वाढत नाहीत.

मार्चमध्ये वजन भरलं, कात एका अखंड मोज्यासारखी निघाली. मी त्याला ठेवून घ्यावं असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही! पण माझं काम महिन्यातले दहा दिवस बाहेरगावी. मग त्या दिवसांत कुणाच्या भरवशावर? वॉचमनकाकांच्या? शेवटी डॉक्टरांच्या ओळखीतल्या, अनेक वर्षं साप सांभाळणाऱ्या एका कुटुंबाकडे तो गेला, पोर्टलवर रीतसर नोंद करून. निघताना मी टँकवर हात ठेवला. तो लपायच्या जागेत सरकला. ना निरोप, ना थँक यू.

ठीकच आहे. चूक आमची होती, मग आभार त्याने का मानायचे?

पार्टीतला तो फोटो मी डिलीट केलेला नाही. कुणी ‘साप पाळायचाय, सजेस्ट कर ना’ म्हणालं, की आधी तोच दाखवते. मागचा बंद बल्ब बोट ठेवून दाखवते.

घरी आणण्याआधी...

• नाग, धामण, अजगर, पोपट, स्टार कासव यांसारखे आपले वन्यजीव पाळणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरात साप निघाला किंवा जखमी वन्यप्राणी दिसला, तर वनविभागाची हेल्पलाइन : १९२६.

• बॉल पायथन २० ते ३० वर्षं जगू शकतो. तेवढ्या काळात तुमच्या किती नोकऱ्या आणि किती घरं बदलतील, ते आधी मोजा.

• सापडलेलं कुत्रं-मांजर आधी डॉक्टरांकडे न्या, घरच्या प्राण्यांपासून काही दिवस वेगळं ठेवा. चावलं किंवा ओरखडलं, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा.

• विदेशी प्राणी तळ्यात, टेकडीवर ‘मोकळा’ सोडू नका.

• सांभाळणं जमत नसेल, तर वेळेवर सांगा. त्यात लाज नाही. लाज वॉचमनच्या केबिनमध्ये पेटी ठेवून जाण्यात आहे.