खंजिरीचा हात, कीबोर्डची बोटं

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराची कावड यात्रा असते. भाविक गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरतात आणि कावडी खांद्यावर घेऊन पायी शहरात येतात. त्या वाटेवर वाजणारी गाणी मात्र कितीतरी दिवस आधीपासून तयार होत असतात. लग्नसराई, १४ एप्रिल, गणपती, प्रत्येक हंगामाचं हेच. अमरावती-अकोल्यात घरातल्याच एखाद्या खोलीत संगणक, हेडफोन आणि दोन स्पीकर मांडून तरुण मुलं ठेके, रिमिक्स, भजनं, भीमगीतं करतात. ऑर्डर एकदम येते, मुदत जवळ असते आणि रात्र-रात्र उजवा हात माउसवरून हलत नाही.

संगणकावरच्या संगीतात वाद्यं, मिक्सर, नॉब, फेडर सगळं पडद्यावर असतं. एक सूर लावायचा तर क्लिक, लांबवायचा तर ओढणं, आवाज कमी करायचा तर फेडर पकडून खाली खेचणं. तर्जनी राबते आणि बाकीची बोटं बसून राहतात.

याची किंमत आधी शरीर मोजतं. मनगटात हाडं आणि अस्थिबंध यांच्यामधल्या अरुंद जागेतून बोटांचे स्नायुबंध जातात, त्यांच्यासोबत एक महत्त्वाची नसही जाते. मनगट वाकडं ठेवून तासन्‌तास तीच हालचाल केली, की स्नायुबंध दुखावतात. नसेवर दाब आला तर अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. कीबोर्ड आकड्यांच्या पट्टीसह लांबलचक असला, तर माउस आणखी उजवीकडे सरकतो आणि खांदाही ताणलेला राहतो. रात्री हात बधिर होऊन जाग येऊ लागली, तर तेल चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावं. हाताच्या जोरावर पोट भरणाऱ्याने हे दुखणं अंगावर काढू नये.

दुसरी किंमत गाणं मोजतं. वऱ्हाडाला हे लवकर कळायला हवं, कारण हा खंजिरीचा मुलूख आहे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीवर गावंच्या गावं जागी केली आणि मोझरीला गुरुकुंज उभारलं. त्यांच्या खंजिरी भजनाची परंपरा गावोगावची मंडळं आजही चालवतात. त्या वाद्याचा जीव हाताच्या वजनात आहे. एक थाप भरून पडते, दुसरी नुसती स्पर्श करून जाते, तिसरी मात्रेच्या केसभर मागे येते आणि म्हणूनच ठेका डोलतो.

हाच ठेका माउसने लिहून पाहिला, की फरक कळतो. केरव्याचं एक आवर्तन ८ मात्रांचं. प्रत्येक मात्रेवर एक ठोका धरला, तर पियानो रोलच्या चौकटीत ८ क्लिक. पण चौकटीत टाकलेले ठोके एकाच जोराचे आणि अगदी रेघेवर बसलेले असतात. प्रत्येकाचं वजन वेगळं करायचं, तर खालच्या आठ उभ्या रेघा एकेक करून ओढायच्या. म्हणजे सोळा हालचाली, आणि त्यानंतरही थाप मागे-पुढे सरकवायची राहिलीच. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत तेच आवर्तन रबरी पॅडवर बोटांनी वाजवलं, तर २.४ सेकंदांत संपतं, आणि जोर, लय, डोल सगळं एकदम नोंदलं जातं. माउसच्या बटणाला थाप हलकी होती की भारी, ते कळतच नाही. ते दाबलं जातं किंवा सुटतं, एवढंच.

मुळात एकट्या माउसने सगळं करावं, ही माउसच्या जनकाचीही कल्पना नव्हती. डग्लस एंगलबार्ट आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४च्या सुमारास कॅलिफोर्नियात लाकडी खोक्यातला पहिला माउस तयार केला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो जाहीरपणे दाखवला. तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचं एक छोटं यंत्र. उजव्याने जागा दाखवायची, डाव्याने आज्ञा द्यायची, अशी ती जोडी होती. पुढे माउस घरोघरी पोचला, डाव्या हाताचं यंत्र मागे पडलं.

डाव्या हाताला काम परत द्यायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे अनेक जण वापरतात त्या एफएल स्टुडिओत एफ५ने प्लेलिस्ट, एफ६ने चॅनल रॅक, एफ७ने पियानो रोल आणि एफ९ने मिक्सर उघडतो. आरने रेकॉर्डिंग सज्ज होतं, स्पेसबारने गाणं सुरू होतं. निवडलेला तुकडा कंट्रोल-बीने पुढे तसाच उमटतो. एबलटन लाइव्हमध्ये हेच काम कंट्रोल-डी करतं, आणि कंट्रोल-ई क्लिप कापतं. वेळ वाचतोच, पण त्याहून मोठा लाभ म्हणजे बटण शोधायला नजर पडद्यावर भिरभिरत नाही आणि लक्ष ऐकण्यात राहतं.

साधा कीबोर्ड पेटीसारखाही वाजतो. एफएल स्टुडिओत सगळ्यात खालच्या ओळीतल्या झेड, एक्स, सी, व्ही, बी, एन, एम या सात कळांवर सा, रे, ग, म, प, ध, नी ओळीने बसतात. वरच्या ओळीतला एस म्हणजे कोमल रे, डी कोमल ग, जी तीव्र म, एच कोमल ध आणि जे कोमल नी. भजनी मंडळात पेटी वाजवलेल्या मुलाला ही रचना एका बैठकीत हाताला बसते. उणीव एकच, या कळांना जोर कळत नाही.

जोर हवा असेल तर मिडी कीबोर्ड किंवा पॅड घ्यावे लागतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९८३ साली मिडी ही पद्धत आली. त्यामागे अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी होते. २०१३ साली दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीत प्रत्येक थापेच्या जोराला १ ते १२७ मधला आकडा मिळतो. १९८८ साली अकाई कंपनीने रॉजर लिन यांनी आखलेलं एमपीसी ६० बाजारात आणलं. त्यावरच्या चार बाय चार अशा १६ पॅडांनी हिपहॉपचा ठेका बोटांच्या ताब्यात दिला, आणि आजही बहुतेक पॅड-यंत्रांची मांडणी तीच असते. मिक्सिंगसाठी कोर्गच्या नॅनोकंट्रोल २ सारखी ८ फेडर आणि ८ नॉबची छोटी पट्टी मिळते. माउसने एका वेळी एकच फेडर हलतो. इथे डाव्या बोटांनी ढोलकी खाली घेत उजव्या बोटांनी गायकाचा आवाज वर नेता येतो.

पॅड आणूनही काही जण चार दिवसांत माउसकडे परततात. थाप आत्ता मारली आणि आवाज उशिरा आला, की हात बावरतो. दोष बहुतेकदा सेटिंगमध्ये असतो. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर निवडून बफर २५६ सॅम्पलवर आणला, तर ४४.१ किलोहर्ट्झला तेवढ्या बफरचा उशीर सुमारे ६ मिलिसेकंद होतो. तो २०४८ वर राहिला तर हाच उशीर ४६ मिलिसेकंदांवर जातो, आणि त्यावर ठेका धरता येत नाही. वाजवताना बफर लहान, आणि भरपूर प्लगइन लावून मिक्स करताना मोठा, एवढी सवय पुरते. घेतलेला ठेका पुन्हा शंभर टक्के रेघेवर बसवायचा मोह मात्र टाळावा. निम्मा सुधारला तरी चूक झाकते आणि डोल राहतो.

माउस अजिबात न वापरता पूर्ण गाणं होतं का? होतं, आणि जगभरचे अनेक दृष्टिहीन संगीतकार ते रोज करतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए विनामूल्य आहे. रीपर या सॉफ्टवेअरला ओसारा नावाची मोफत जोड दिली, की ट्रॅक कोणता, आवाज किती, कर्सर कुठे, हे सगळं कानावर येतं. कापणं, जोडणं, मिक्सिंग, सारं कळांवर चालतं. अमरावती जिल्ह्यातल्या माधानला राहिलेले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज १९१५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. तान्हेपणीच दृष्टी गेली असताना त्यांनी मोठी ग्रंथरचना केली आणि पदं रचली. त्यांनी सांगायचं आणि दुसऱ्यांनी लिहून घ्यायचं. त्यांच्याच मुलखातल्या दृष्टिहीन मुला-मुलींना आज स्वतःचं गाणं स्वतः ध्वनिमुद्रित करता येऊ शकतं. संगीत शिकवणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी हे मनावर घ्यायला हवं.

ज्यांना दिसतं त्यांनी सगळं एका दिवसात बदलायला जाऊ नये. आपण दिवसभरात सर्वांत जास्त वेळा काय करतो ते पाहावं, त्यातल्या पाच कामांच्या कळा कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवाव्यात आणि आठवडाभर ती पाच कामं माउसने करायचीच नाहीत असं ठरवावं. पुढच्या आठवड्यात आणखी पाच. बारीक ऑटोमेशन रेघ काढायला किंवा अनोळखी प्लगइन चाळायला माउस खुशाल वापरावा. पॅड घ्यायला पैसे साठेपर्यंत आणखी एक वाट आहे. गावातल्या भजनी मंडळातल्या खंजिरीवाल्याला बोलवावं, माइक लावावा, त्याच्याकडून चार आवर्तनं वाजवून घ्यावीत आणि गाण्याचा ठेका त्यावरच उभा करावा.